बाईशेजारची रिकामी जागा

वाल्मीकभाऊंना सगळे रागीट म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. पण ते कशावर रागावतात हे फार थोड्यांनी नीट पाहिलंय. कोणी सिग्नल तोडून गाडी आडवी घातली तर ते नुसते हात हलवतात. चहात साखर जास्त पडली, बायकोनं टोमणा मारला, आधार कार्डावर नाव चुकीचं छापून आलं, तरी माणूस शांत. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाते ती एकाच गोष्टीनं. माणूस समोर उभा आहे, डोळे टक्क उघडे आहेत, आणि बघत मात्र काहीच नाही.

ही खोड त्यांना नोकरीनं लावली. निफाडजवळच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याचा हा मधला मुलगा आयटीआय करून अंबडच्या एका कारखान्यात बॉयलरवर लागला आणि एकतीस वर्षं तिथंच राहिला. बॉयलरवरच्या माणसाचं काम म्हणजे बघणं. पाण्याची पातळी दाखवणारी काच बघायची, दाबाचा काटा बघायचा, धुराचा रंग बघायचा आणि दर तासाला आकडे वहीत लिहायचे. एकदा योगेश नावाचा नवा ऑपरेटर सकाळी नऊलाच दुपारी एकपर्यंतचे आकडे लिहून मोकळा झालेला त्यांनी पकडला. आकडे कदाचित बरोबरही निघाले असते, काटा रोज साधारण तिथंच असायचा. तरी वाल्मीकभाऊंनी त्याला अख्खी पाळी पाण्याच्या काचेसमोर उभं केलं आणि दर पाच मिनिटांनी 'काय दिसतंय?' म्हणून विचारत राहिले. योगेश रडकुंडीला आला. शेवटी म्हणाला, "भाऊ, पाणी एका जागी नसतं. जरासं हलत राहतं."

"मग? हे लिहिता येतं का वहीत?" वाल्मीकभाऊ म्हणाले. "हे बघायलाच लागतं. त्याच्यासाठी माणूस ठेवलाय कारखान्यानं."

निवृत्त झाल्यावर चार महिने ते घरात बसले. त्या चार महिन्यांत त्यांनी घरातल्या प्रत्येकाकडे इतकं बारकाईनं बघितलं की बायकोनंच ओळखीपाळखीतून त्यांना कामाला लावून दिलं. गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत एका ट्रस्टचं छोटंसं कलादालन आहे. एक मोठा हॉल, मागं दोन खोल्या, भिंतींवर साठेक चित्रं. दहाला दार उघडायचं, झाडून घ्यायचं, येणाऱ्यांची नावं लिहून घ्यायची, कोणी चित्राला हात लावत नाही ना यावर नजर ठेवायची आणि संध्याकाळी सहाला कुलूप लावायचं. बसून खायचं काम, असं बायकोला वाटलं.

पहिल्याच आठवड्यात वाल्मीकभाऊंचं डोकं फिरलं. लोक यायचे, चपला काढायच्या का म्हणून विचारायचे, पंख्याखाली घाम पुसायचे आणि सात मिनिटांत साठ चित्रं उरकून बाहेर पडायचे. काही तर चित्राकडे पाठ करून उभे राहायचे, हात लांब करून मोबाईल धरायचे, गाल आत ओढायचे, फोटो काढायचे आणि पुढच्या चित्राकडे पाठ फिरवायचे. चित्राबरोबर फोटो काढला, पण चित्र पाहिलंच नाही! दर्शनाला जाऊन देवाकडे पाठ करून उभं राहण्यातलाच हा प्रकार. एका काकूंना ते सरळ म्हणाले, "तुमच्या मागं काय आहे ते तरी बघा एकदा!" काकूंनी वहीत तक्रार लिहिली.

खरं सांगायचं तर तोवर वाल्मीकभाऊंनी स्वतःही चित्रं पाहिली नव्हती. ते पाहणाऱ्यांना पाहत होते. चित्राकडे बघायला त्यांना शिकवलं ते रंगूबाईनं.

रंगूबाई म्हणजे गल्लीच्या तोंडाशी मेथी-कोथिंबीर घेऊन बसणारी बाई. गिरणारेकडून सकाळच्या गाडीनं यायची. वैशाखातल्या एका दुपारी ती पाणी मागायला आत आली, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली आणि हॉलच्या मधल्या भिंतीसमोर फरशीवरच बसली. त्या भिंतीवर खंडेराव मास्तरांचं चित्र होतं. हे मास्तर मनमाडला एका शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली, आणि नाव कुठं फारसं झालं नाही.

चित्रात मनमाडचा फलाट आहे. एका बाकावर हिरव्या लुगड्यातली एक बाई बसलीय. तिच्या एका बाजूला बोचकं, दुसऱ्या बाजूची जागा रिकामी. त्या जागेवर कोणाचा तरी टॉवेल घडी करून ठेवलेला आणि टॉवेलावर चहाचा अर्धा ग्लास. बाईचा डावा हात टॉवेलाच्या कडेला आहे. मागं दूर नळ, त्यावर दोन-तीन माणसं, पाठमोरी. बस, एवढंच. वाल्मीकभाऊ रोज त्यावरची धूळ झटकत होते आणि त्यांच्या लेखी ती 'बोचक्यावाली बाई' होती.

रंगूबाई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ही उतरलेली बाई हे. गाडीत चढणारी नाय."

"तुला काय ठाऊक?"

"गाठ बघा ना बोचक्याची. घरून निघताना बांधलेली गाठ अशी नसती. ही सोडून परत बांधलीय. गाडीत भाकरी खाल्ली असंल. आन् पाय बघा, टाचेला धूळ नाय. लय येळची बसली हे, हालली नाय जागची."

वाल्मीकभाऊंनी पाहिलं. गाठ खरंच सैल होती, आणि टोकं कमीजास्त. सहा महिने ते या चित्रासमोरून दिवसातून वीसदा गेले होते. एकतीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस, योगेशला रडकुंडीला येईपर्यंत उभा करणारा माणूस, आणि त्याला गाठ दिसली नव्हती! त्या दिवशी ते स्वतःवर इतके चिडले की दुपारचा डबा तसाच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या खोलीतून एक लाकडी बाक ओढत आणला आणि त्या चित्रासमोर ठेवला. तेव्हापासून त्यांचा नियम सुरू झाला. येईल त्यानं बाकी चित्रं हवी तशी बघावीत, पण या एका चित्रासमोर दहा मिनिटं बसायचं. मोबाईल खिशात. दहा मिनिटं झाली की वाल्मीकभाऊ येऊन विचारायचे, "काय चाललंय इथं?" ट्रस्टनं असा कुठलाही नियम केलेला नव्हता. पण वाल्मीकभाऊंच्या चेहऱ्याकडे बघून लोक बसायचे.

पहिली तीन मिनिटं माणसं चुळबुळ करायची, चौथ्या मिनिटाला जांभई यायची आणि सहाव्याच्या आसपास काहीतरी व्हायचं. मान पुढं यायची. डोळे बारीक व्हायचे. आणि मग जे बोलायला लागायची ते ऐकत राहावं. एसटीचा एक कंडक्टर म्हणाला, भांडण झालंय, नवरा मुद्दाम दुसऱ्या डब्यात जाऊन बसलाय, आणि चूक नवऱ्याचीच आहे. एक कॉलेजची मुलगी म्हणाली, नवराबिवरा कोणी नाही, शेजारी कोणी येऊन बसू नये म्हणून तिनंच टॉवेल ठेवलाय आणि ती मजेत आहे. वाल्मीकभाऊ त्यावर दोन दिवस हसत होते. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसले, उठले, पुन्हा बसले आणि म्हणाले, "त्या चहावर साय धरलीय हो." पुढं त्यांना बोलता येईना. वाल्मीकभाऊंनी त्यांना पाणी दिलं.

कोणाचंही म्हणणं त्यांनी कधी चूक ठरवलं नाही. फक्त एक पथ्य होतं. म्हणणं चित्रातलं काहीतरी बोटानं दाखवून सांगायचं. नुसतं 'छान आहे' म्हटलेलं त्यांना चालायचं नाही, छान तर पोहेही असतात. त्यांचा हिशेब साधा होता. मास्तरांनी अर्धं चित्र काढलं आणि उरलेलं येणाऱ्यावर सोपवलं. समोर बसून कोणी जीव ओतला तर ती बाई श्वास घेते, नाहीतर भिंतीवर नुसता रंग आणि कापड. आणि प्रत्येकाची बाई वेगळी. अशा शेकडो बाया त्या एका बाकावर बसून गेल्या, याचं वाल्मीकभाऊंना फार अप्रूप होतं.

अशी तीन वर्षं गेली आणि मग आल्हाद आला.

ट्रस्टचे अध्यक्ष नाना हे नाशिकचे जुने वकील, वय बहात्तर. घराणं रामकुंडावर यात्रेकरूंची धार्मिक कामं करणारं, पण नाना कोर्टात गेले. आल्हाद त्यांच्या मुलीचा मुलगा. पुण्यात एका जाहिरात कंपनीत काम करून परत आलेला. पोरगा वाईट नव्हता, नम्र होता, वाल्मीकभाऊंना 'काका' म्हणायचा. पण त्याच्या पायाला भिंगरी होती. तो हॉलमध्ये आला, अर्धी फेरी मारली आणि म्हणाला, "काका, इथं फुटफॉल, म्हणजे येणारी माणसं, अगदीच कमी आहेत. सिंहस्थाला एवढे लोक नाशिकला येणार. आपण काहीतरी भारी केलं पाहिजे."

भारी म्हणजे काय, ते महिन्याभरानं कळलं. हॉलच्या खिडक्यांना काळे पडदे लावायचे. मधल्या भिंतीवर बारा फुटी पडदा. प्रोजेक्टर, चार कोपऱ्यांत स्पीकर. आणि खंडेराव मास्तरांचं चित्र पुण्यातल्या एका स्टुडिओकडून हलतं करून घ्यायचं. बाई पापण्या मिटणार, वाऱ्यानं पदर हलणार, गाडीची शिट्टी वाजणार. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'चित्र जिवंत होताना पाहा!' मूळ चित्र मागच्या खोलीत ठेवायचं, कारण मधली भिंत पडद्याला लागणार. बाकही हलवायचा, कारण लोक उभे राहून बघतील, सहा मिनिटांचा खेळ, मग पुढची बॅच.

वाल्मीकभाऊंनी ते पत्रक दोनदा वाचलं आणि त्यांच्या कानशिलाच्या शिरा तटतटल्या.

"जिवंत होणार म्हणजे? आत्ता काय मेलेलंय का ते?"

"तसं नाही काका. लोकांना आता हलणारं लागतं. नुसतं बघत बसायला कोणाला वेळ आहे?"

"तू बसलास का कधी? दहा मिनिटं? एकदा तरी?"

"मी पाहिलंय हो ते चित्र. लहानपणापासून पाहतोय."

"तू पाहिलं नाहीस. तू त्याच्यासमोरून गेलास!"

आल्हाद हसला आणि फोनवर बोलत बाहेर गेला. त्या हसण्यानं वाल्मीकभाऊंचा संताप अनावर झाला. बाई पापण्या मिटणार म्हणे! त्यांच्या बाकावर बसलेल्या प्रत्येकानं तिला आपल्या डोळ्यांनी पापण्या मिटायला लावल्या होत्या. आता ते काम यंत्र करणार आणि माणसं तोंड उघडं टाकून उभी राहणार. ते तडक नानांच्या बंगल्यावर गेले.

नानांनी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि वकिली सवयीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वाल्मीकराव, तुमची तळमळ कळते. पण ट्रस्टला निर्णय घ्यायचाय आणि तुमच्याकडे पुरावा काय? लोक म्हणाले, लोकांना दिसलं, हे सगळं ऐकीव झालं."

"पुरावा बाकावर आहे, नाना. तुम्ही या आणि बसा. दहा मिनिटं. मग काय करायचं ते करा, मी तोंड उघडणार नाय."

नाना मोठ्या मनाचे. दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच आले, काठी बाजूला ठेवली आणि बाकावर बसले. आल्हाद दाराशी उभा होता. वाल्मीकभाऊ टेबलापाशी, घड्याळाकडे बघत. या दहा मिनिटांवर सगळं ठरणार होतं, चित्र भिंतीवर राहणार की मागच्या खोलीत जाणार ते.

नानांनी आधी चित्र तपासलं, साक्षीदार तपासावा तसं. मग मागं टेकले. पाच मिनिटं झाली, सात झाली. आठव्या मिनिटाला त्यांची मान पुढं आली. दहा झाली तरी वाल्मीकभाऊ विचारायला गेले नाहीत, कारण नानांचे ओठ हलत होते.

"मी नळावर होतो," नाना म्हणाले.

आल्हादनं विचारलं, "कोण?"

"मी. आठ वर्षांचा होतो. आम्ही वहिनीला तिच्या माहेरी भुसावळला सोडायला निघालो होतो. मनमाडला गाडी बदलायची होती. दादानं जागा धरायला टॉवेल ठेवला, आपला चहा वहिनीच्या हातात दिला, मला म्हणाला, 'चल, नळावर हात धू, मी पाणी घेऊन येतो.' मी हात धुतले. मागं वळलो तर दादा नव्हता." नानांनी काठी जवळ ओढली. "परत आलाच नाही. रामकुंडावर बसायचं नव्हतं त्याला. वडिलांशी पटत नव्हतं. वडिलांनी त्याचे सगळे फोटो चुलीत घातले आणि घरात त्याचं नाव काढायची बंदी. चौसष्ट वर्षं झाली. मला त्याचा चेहरा आठवायचा नाही रे, आल्हाद. किती प्रयत्न केला. काही केल्या नाही."

मग नानांनी आपल्याच भुवईवर बोट ठेवलं. "इथं खोक पडलेली होती. डावीकडे. हसताना खालचा ओठ असा वाकडा व्हायचा. आत्ता दिसला मला. नळाकडे चालताना त्यानं मागं वळून पाहिलं. आत्ता पाहिलं!"

वाल्मीकभाऊ रागीट माणूस, पण त्यांनी टेबलावरचं फडकं घेऊन डोळे टिपले. आपण जिंकलो, असं त्यांना वाटलं. आता हे चित्र कोणी हलवणार नाही. नाना उठले, वाल्मीकभाऊंचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "तुमचे उपकार कसे फेडू?" आणि त्याच दमात वळून आल्हादला म्हणाले, "हे रेकॉर्डवर आलं पाहिजे."

वकिलाचा जन्म! जे कागदावर नाही ते घडलंच नाही, या एका नियमावर पन्नास वर्षं कोर्टात काढलेली. आल्हादचे डोळे चमकले. "आजोबा, हीच तर गोष्ट आपल्याला हवी होती! त्या रिकाम्या जागेवर कोण ते दाखवायचं. तुमचा दादा परत येतो. पाण्याचा तांब्या घेऊन. हसत. वहिनीशेजारी बसतो. लोक रडतील."

"येईल तसं करता?" नानांनी विचारलं. आठ वर्षांच्या पोरासारखा आवाज लागला होता त्यांचा.

"तुम्ही फक्त वर्णन सांगा."

"नाना, नका घालू त्याला चित्रात," वाल्मीकभाऊ मध्ये पडले. तोंड उघडणार नाही म्हणालेला माणूस, पण राहवलं नाही. "तुम्हाला दिसला ना? भरपूर झालं. तोंडानं सांगून माणूस येत नाय. आन् उद्या दुसरा कोणी बसला, त्याला त्याचा माणूस दिसायचा तिथं तुमचा दादा बसलेला असंल. त्या बिचाऱ्यानं कुठं जायचं?"

"आणि मी गेल्यावर?" नाना म्हणाले. "माझ्या डोक्यात आहे तोवर आहे तो. मी गेलो की संपला. एका माणसाचा जगात एक फोटो नसावा? तुम्ही सांगा, वाल्मीकराव."

वाल्मीकभाऊंनी टेबलावरची वही उगाच सरळ केली. आपण तिथं काही बोललो नाही याचा राग त्यांना पुढं दोन महिने पुरला. त्या दोन महिन्यांत नाना फोनवर वर्णनं सांगत राहिले. केस कसे, नाक कसं, चालताना कोणता खांदा खाली जायचा. हॉलला काळे पडदे लागले. वाल्मीकभाऊंनी स्वतःच्या हातानं चित्र उतरवलं, चादरीत गुंडाळलं आणि मागच्या खोलीत झाडूशेजारी ठेवलं. रंगूबाई एकदा डोकावली, अंधार बघून म्हणाली, "बाई कुठं गेली?" वाल्मीकभाऊ तिच्यावरच ओरडले. मग तासाभरानं जाऊन नको असताना मेथीच्या चार जुड्या घेऊन आले.

चाचणीचा खेळ एका शनिवारी दुपारी झाला. ट्रस्टची पाचसहा माणसं, नाना पुढच्या खुर्चीत. आल्हादनं बटण दाबलं.

बारा फुटी बाई पडद्यावर आली. तिनं पापण्या मिटल्या. पदर हलला. कुठंतरी इंजिनाची शिट्टी झाली आणि खुर्च्या थरथरल्या. नळावरच्या पाठमोऱ्या माणसांतून एक माणूस वळला, हातात तांब्या, आणि चालत पुढं आला. डाव्या भुवईवर खोक होती. तो हसला, खालचा ओठ वाकडा झाला. टॉवेल उचलून बाईशेजारी बसला. थंड झालेल्या चहातून पुन्हा वाफ निघाली. बाईनं त्याच्याकडे पाहिलं, सनई वाजली, आणि खेळ संपला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका विश्वस्तांनी रुमाल काढला.

नाना म्हणाले, "हा कोण?"

आल्हादला वाटलं, नाना भारावून गेलेत. "दादाआजोबा ना! भुवई बघितलीत? ओठ? सगळं तुम्ही सांगितलंत तसंच आहे."

"सगळं मी सांगितलं तसंच आहे," नाना म्हणाले. "पण हा दादा नाही."

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, आणि मग तिसऱ्यांदा. तो माणूस तिन्ही वेळा तसाच आला, तसाच हसला, एका तसूचाही फरक नाही. हॉलमध्ये कोणी टाळी वाजवेना.

"पडदे उघडा," नाना म्हणाले. "चित्र आणा."

वाल्मीकभाऊंनी चित्र आणलं, एका खुर्चीवर टेकवून उभं केलं. बाक भिंतीला लावलेला होता, तो ओढून समोर ठेवला. नाना बसले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. विश्वस्त एकेक करून निघून गेले. नाना चित्राच्या इतके जवळ सरकले की नाक लागेल की काय असं वाटायला लागलं. मग मागं झाले, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"तोच येतो," ते म्हणाले. "नळाकडून हाच वळतो. दादा येतच नाही."

आल्हाद घाबरला होता. बाकाशेजारी गुडघ्यांवर बसून तो म्हणाला, "आजोबा, मी बदलून घेतो. स्टुडिओवाले लगेच करतील. फक्त सांगा, चेहऱ्यात नक्की काय चुकलंय?"

"काय चुकलंय ते सांगायला मला तो आठवायला हवा ना!" नाना ओरडले. बहात्तर वर्षांच्या त्या सभ्य माणसाला असं ओरडताना कोणी ऐकलं नव्हतं. "होता, दोन महिने होता! सकाळी उठलो की दिसायचा. आता हा मेला येऊन बसलाय त्याच्या जागेवर. काढून टाक ते यंत्र. आत्ताच्या आत्ता काढ!"

आल्हाद उठला आणि खाली मान घालून वायरी गुंडाळायला लागला. यंत्र जाणार होतं, काळे पडदे जाणार होते, चित्र पुन्हा मधल्या भिंतीवर येणार होतं. वाल्मीकभाऊंना जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि त्यांना कशातच आनंद वाटेना. दोन महिने त्यांनी नानांना ऐकवायची वाक्यं मनात रचून ठेवली होती. त्यातलं एकही आता कामाचं नव्हतं. तरी राग मावेना. आल्हादवर, त्या पुण्याच्या स्टुडिओवर, टाळ्या वाजवणाऱ्यांवर, आणि सगळ्यात जास्त या समोर बसलेल्या म्हाताऱ्यावर.

"दिसला होता ना तुम्हाला!" ते म्हणाले, आणि आवाज त्यांना आवरला नाही. "चौसष्ट वर्षांनी आला होता तुमच्याकडे, आपल्या पायानं. एकट्या तुमच्याकडे आला होता! कशाला दाखवायला गेलात लोकांना?"

नानांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा नळाकडे बघायला लागले. वाल्मीकभाऊ दारापाशी जाऊन उभे राहिले. तेवढ्यात दोन माणसं दाराच्या पायऱ्या चढून आली, चित्रं बघायची आहेत म्हणाली. वाल्मीकभाऊंनी हात आडवा धरला.

"थांबा जरा," ते म्हणाले. "आत एक जण बघतोय."